रेंजचा बूस्टर, लाल दिवा आणि आर्पानेट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

टपाल उघडलं की तेच गोंधळ पुन्हा पुन्हा समोर येतात. बिट की बाइट, वायफाय की इंटरनेट, रेंज की स्पीड. दुकानदाराने एक सांगितलेलं असतं, वायर ओढणाऱ्या मुलाने दुसरं, व्हॉट्सॲपच्या गटात तिसरंच फिरत असतं, आणि पैसे मोजून झाल्यावर प्रश्न माझ्याकडे येतो. खर्चाच्या आधी विचारत जा, एवढी कळकळीची विनंती. पत्र वाचून तुमच्या घरातली वायर मला दिसत नाही, म्हणून ‘जागेवर तपासून घ्या’ हे खाली वारंवार येईल. ते सोडून बाकीचं वाचू नका.

प्रश्न : १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला आहे. फाइल उतरवताना संगणक सेकंदाला ११-१२ एमबीच दाखवतो. कंपनी फसवते आहे का? (चिंचवड)

नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो, फाइल मेगाबाइटमध्ये मोजली जाते, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. फाइल लहान लहान तुकड्यांत येते, त्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. वेगातला थोडा भाग प्रत्येक पॅकेटवरच्या पत्त्यात आणि क्रमांकात जातो. साधारण १५०० बाइटच्या पॅकेटमध्ये निदान ४० बाइट त्यासाठी लागतात. तुम्हाला मिळतंय ते पुरेपूर मिळतंय.

मेख असते ती जाहिरातीतल्या ‘पर्यंत’ या शब्दात, आणि महिन्याची मर्यादा संपल्यावर वेग किती उरणार हे ज्या बारीक अक्षरांत लिहितात त्यांत. सरकारी व्याख्येनुसार २०२३ पासून किमान २ एमबीपीएस दिलं तरी त्याला ब्रॉडबँड म्हणता येतं. त्याआधी ५१२ केबीपीएसलाही म्हणता येत होतं. म्हणून नवीन जोडणी घेताना ‘मर्यादा संपल्यावर किती?’ हे लेखी विचारा. शिवाय २०० चा प्लॅन घेऊन आत चारच तारा जोडलेली जुनी लॅन केबल वापरत असाल, तर वेग १०० च्या पुढे जाणारच नाही. प्लॅन बदलण्याआधी केबल तपासून घ्या.

प्रश्न : राउटरवर ‘५जी’ नावाचं वायफाय दिसतं. त्यासाठी ५जी सिम घ्यावं लागेल का? (सोलापूर)

नाही. ते ५ गिगाहर्ट्झवर चालणारं वायफाय आहे, मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही. राउटर असलेल्या खोलीत ते वापरा. दोन भिंती पलीकडे २.४ गिगाहर्ट्झ बरं.

प्रश्न : अणुयुद्धात टिकावं म्हणून अमेरिकेने इंटरनेट बांधलं, असं आमच्या नोट्समध्ये आहे. एका व्हिडिओत ते खोटं असल्याचं सांगितलं. परीक्षेत काय लिहू? (विद्यार्थिनी, अमरावती)

दोन वेगळ्या गोष्टींची इथे सरमिसळ झाली आहे, आणि ती इतकी मुरली आहे की छापील पुस्तकांतही सापडते.

अमेरिकेतल्या रँड या संस्थेत पॉल बॅरन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला खरोखरच हा विचार करत होते, की हल्ल्यात काही केंद्रं उद्ध्वस्त झाली तरी उरलेल्या जाळ्यातून निरोप पोचला पाहिजे. त्यांचा तोडगा असा : निरोपाचे तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकड्याने जी वाट मोकळी असेल तिने जायचं. १९६४ मध्ये त्यांचे अहवाल प्रसिद्ध झाले, पण त्या आराखड्यावर जाळं काही उभं राहिलं नाही. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस १९६५ मध्ये स्वतंत्रपणे याच कल्पनेपाशी पोचले. त्यांना युद्धाची चिंता नव्हती. महागडा संगणक एकाच वेळी अनेकांना वापरता यावा, एवढी त्यांची गरज होती. ‘पॅकेट’ हे नाव त्यांनी दिलेलं.

आता आर्पानेट, म्हणजे इंटरनेटच्या आधीचं संगणकांचं जाळं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संशोधन संस्थेतले बॉब टेलर यांच्या कचेरीत तीन टर्मिनल, म्हणजे दूरच्या संगणकावर काम करायची यंत्रं, होती. तिन्ही वेगवेगळ्या गावांतल्या संगणकांना जोडलेली, आणि प्रत्येकावर काम करायची रीत निराळी. एका टर्मिनलवरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसायचं. हे एकाच ठिकाणाहून का होऊ नये, या प्रश्नातून आर्पानेटला पैसे मिळाले. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकाला ‘लॉगिन’ ही आज्ञा पाठवायला घेतली. ‘एल’ पोचला, ‘ओ’ पोचला, आणि पलीकडचा संगणक कोलमडला. थोड्या वेळाने ती पूर्ण गेली. वर्ष संपता संपता जाळ्यात चार केंद्रं होती.

शिवाय आर्पानेट म्हणजेच इंटरनेट, असं लिहू नका. वेगवेगळ्या मालकांची, वेगवेगळ्या जातीची जाळी एकमेकांना जोडण्याचे नियम व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडले. १ जानेवारी १९८३ ला आर्पानेट त्या नियमांवर, म्हणजे टीसीपी-आयपीवर आलं. आजच्या इंटरनेटची जन्मतारीख द्यायचीच असेल, तर मी ती देईन.

परीक्षेत ‘संरक्षण खात्याच्या पैशातून, संगणक वाटून वापरण्यासाठी’ असं लिहा. मात्र त्याआधी हा मजकूर शिक्षकांना दाखवा आणि नोट्स दुरुस्त करून घ्या, म्हणजे गुणांचा घोळ होणार नाही.

प्रश्न : भारतात इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आलं, बरोबर ना? (निवृत्त शिक्षक, सांगली)

सर्वसामान्य माणसाला ते त्या दिवसापासून व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी दूरसंचार कंपनीकडून मिळू लागलं. संशोधकांकडे त्याआधीच होतं. शिक्षण-संशोधन संस्था जोडणारा अर्नेट हा प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला, आणि मुंबईत जुहूचं एनसीएसटी हे सॉफ्टवेअर संशोधन केंद्र व पवईची आयआयटी यांच्यात ई-मेलची ये-जा सुरू झाली ती १९८६-८७ च्या सुमारास, साध्या टेलिफोनच्या तारेवरून. एनसीएसटीचे श्रीनिवासन रमणी हे त्यामागचं मोठं नाव. शाळेत सांगण्यासारखी गोष्ट आहे ही. मुंबईतल्याच मुलांना ती ठाऊक नसते.

त्या सुरुवातीच्या डायल-अपचा वेग ९.६ केबीपीएस. आज मोबाइलवर काढलेला ५ एमबीचा एक फोटो त्या वेगाने उतरवायला सत्तर मिनिटं लागली असती.

प्रश्न : फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागतो. माणूस येतो, वायर हलवतो, चालू करून जातो. आठवड्याने पुन्हा तेच. (नाशिक)

तो दिवा सांगतो की काचेच्या तंतूतून प्रकाशच येत नाहीये. वायफायचा पासवर्ड बदलणं, डबा बंद-चालू करणं, नवा राउटर घेणं, यातल्या कशाचाही उपयोग नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार.

प्रकाश कुठे गळतो ते शोधावं लागतं. पहिली जागा म्हणजे कपाटामागची किंवा दाराच्या फटीतून घेतलेली वायर. तंतू काचेचा असतो. काटकोनात दुमडला की प्रकाश वळणावर बाहेर पडतो. बाहेरून वायर धडधाकट दिसते. दुसरी जागा म्हणजे कनेक्टर. हिरव्या टोकाच्या कनेक्टरची काच आठ अंशांत तिरपी घासलेली असते, निळ्याची तशी नसते. घाईत कुणी हिरव्यात निळा खुपसला की दोन काचांमध्ये फट राहते आणि जोडणी कधी चालते, कधी नाही. नुसती धूळ बसली तरी हेच होतं, आणि माणसाने हलवून लावलं की आठवडाभर चालतं. तिसरी जागा बाहेरच्या खांबावरचा डबा, जिथे एका तंतूतला प्रकाश १६ किंवा ३२ घरांत वाटला जातो.

पुढच्या वेळी माणूस आला की त्याला पॉवर मीटर लावायला सांगा. मीटरवर उणे आकडा येतो. उणे २० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ च्या पलीकडे गेला की बहुतेक डबे हात टेकतात. आकडा तुमच्यासमोर वाचायला लावा आणि तारखेसह लिहून ठेवा. मीटर न आणता नुसती वायर हलवणाऱ्याला ‘काम झालं’ अशी सही देऊ नका. तरीही दिवा लागत असेल, तर खांबापासून घरापर्यंतची वायर बदलण्याची लेखी मागणी करा.

प्रश्न : वायर निघाली तर टोकात डोकावून प्रकाश येतोय का ते पाहावं का? (याच वाचकाच्या पत्रातून)

कधीही नाही. तो लेझर अवरक्त असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांत जातो. मुलांनाही बजावून ठेवा.

प्रश्न : ट्रान्झिस्टरच्या काळापासून ऐकत आलो आहे. आवाज तर आवाजच, मग त्याचे आकडे करून काय साधलं? (फोंडा)

अंतर साधलं. आवाज तारेतून जसाच्या तसा पाठवला की वाटेत क्षीण होतो आणि त्यात नॉइज, म्हणजे नको असलेली खरखर, मिसळतो. क्षीण झाला म्हणून मध्ये ॲम्प्लिफायर बसवला, तर तो आवाजाबरोबर नॉइजही मोठा करतो. पुढच्या टप्प्यात त्यात नवा नॉइज पडतो, पुढचा ॲम्प्लिफायर तोही मोठा करतो. लांबच्या ट्रंककॉलवर माणसं ओरडून बोलायची त्याला हे एक कारण होतं.

१९३७ मध्ये ॲलेक रीव्ह्ज यांनी वेगळी वाट सुचवली. आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजायचा, आणि ती मोजमापं नुसत्या आहे-नाहीच्या खुणांनी पाठवायची. मधल्या यंत्राने एवढंच ठरवायचं, की आलेली खूण १ ची की ० ची? ठरलं की नवी करकरीत खूण पुढे पाठवायची. जुना नॉइज तिथेच गळतो. टेलिफोनसाठी सेकंदाला ८,००० मोजमापं आणि प्रत्येकाला ८ बिट, म्हणजे ६४ केबीपीएस. जगभरची डिजिटल टेलिफोन यंत्रणा या आकड्यावर उभी राहिली.

याला एक अट आहे. खूण ओळखू यायला सिग्नल नॉइजच्या पुरेसा वर हवा. ती अट मोडली की काय होतं, ते पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिते, कारण त्याच विषयावरची पत्रं सर्वांत जास्त आहेत.

प्रश्न : आमचं घर चिऱ्याचं, वर पत्रा. आत मोबाइलला रेंज नाही. दुकानदार गच्चीवर अँटेना आणि आत बूस्टर बसवून देतो म्हणतो, शेजारी दोघांनी बसवला आहे. त्यांची दांडी फुल्ल असते. घ्यावा का? (लांजा)

घेऊ नका. आणि शेजाऱ्यांनाही हे वाचायला द्या.

आधी कायदा. परवान्याशिवाय असा बूस्टर विकणं, बाळगणं आणि चालवणं हे तिन्ही बेकायदा आहे. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये जाहीर सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केलं. बसवायचा अधिकार फक्त परवानाधारक मोबाइल कंपनीला. दुकानात उघड मांडलेला असतो, घरपोच येतो, पक्कं बिल मिळतं, यातल्या कशानेही तो कायदेशीर होत नाही. ‘सगळे बसवतात’ हे दुकानदाराचं आवडतं वाक्य. तपासणी झाली तर दार तुमचं वाजेल.

आता त्यामागचं शास्त्र, कारण कायद्याच्या धाकापेक्षा ते कळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९४८ मध्ये बेल लॅब्जमधल्या क्लॉड शॅनन यांनी सिद्ध केलं, की कुठल्याही माध्यमातून बिनचूक माहिती पाठवण्याच्या वेगाला एक कमाल मर्यादा असते. ती दोन गोष्टींवर ठरते : तुम्हाला मिळालेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा किती रुंद आहे, आणि सिग्नल नॉइजच्या किती पट आहे. सिग्नल किती मोठा, एवढ्यावर ती ठरत नाही. तो नॉइजच्या किती पट आहे, हे पाहावं लागतं. २० मेगाहर्ट्झचा पट्टा घ्या. सिग्नल नॉइजच्या १०० पट असेल तर कमाल मर्यादा सुमारे १३३ एमबीपीएस. नॉइज वाढून सिग्नलच्या बरोबरीला आला, तर त्याच पट्ट्यात मर्यादा उरते २० एमबीपीएस. फोनवरची दांडी तोपर्यंत फुल्लच दिसू शकते, कारण दांडी मोजायची पद्धत फोन बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची आपापली आहे.

बाजारातला स्वस्त बूस्टर म्हणजे निव्वळ ॲम्प्लिफायर. मागच्या उत्तरातला तोच जुना ॲम्प्लिफायर, जो आवाज आणि नॉइज यांत भेद करत नाही. टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलसाठी तो आतली दांडी भरतो, हे खरं. पण फोन आणि टॉवर यांचं बोलणं दोन्हीकडून चालतं. तुमचा फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॅटच्या आसपास ताकदीने बोलतो, आणि टॉवरपाशी पोचेपर्यंत त्यातला कल्पनेपलीकडे सूक्ष्म अंश उरतो. टॉवरचा रिसीव्हर तो ऐकायला कान टवकारून बसलेला असतो. तिथे गच्चीवरच्या अँटेनातून बूस्टर दिवसरात्र नॉइज फेकत राहतो, घरात कुणी फोनवर बोलत असो वा नसो. पट्टा तोच असल्याने तो नॉइज टॉवरला गाळून टाकता येत नाही. बूस्टरच्या घरात दांडी फुल्ल, आणि वाडीच्या टोकाला राहणाऱ्याचा फोन टॉवरला ऐकूच येत नाही.

अँटेना आतल्या डब्याच्या जवळ असली तर प्रकरण आणखी बिघडतं. मंडपात माईक कर्ण्यासमोर आला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते, तसाच हा बूस्टर स्वतःचंच ऐकून स्वतःच ओरडू लागतो. फरक इतकाच, की ही शिट्टी आपल्या कानांना ऐकू येत नाही. पत्र्याच्या कौलावर दोन हातांच्या अंतरात दोन्ही बसवून दिलेले मी पाहिले आहेत. मग आसपासचा सगळा टॉवर बेजार होतो, कंपनीचे लोक अँटेना घेऊन गल्लीगल्लीत फिरतात, आणि तोवर लोक ‘नेटवर्क खराब झालं’ म्हणून आणखी बूस्टर विकत घेतात.

नॉइज किती जपावा लागतो याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. अवकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ तरंग त्या टिपतात. ती जागा निवडण्यामागे माणसांनी केलेला रेडिओ नॉइज तिथे कमी, हे एक कारण होतं. रेडिओ लहरींना कुंपण घालता येत नाही. तुमच्या गच्चीवरून जे सुटतं ते शेजाऱ्याच्या अंगणात जातंच.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या गोष्टीची. डोंगराळ भागात एका टॉवरवर चार-पाच वाड्या अवलंबून असतात. रात्री कुणाला साप चावला, कुणाच्या पोटात कळा सुरू झाल्या, तर १०८ चा फोन याच टॉवरवरून जायचा असतो. तो लागला नाही तर कारण कुणाला कळणारही नाही. आठ-दहा हजारांचा डबा विकणारा तेव्हा गावात नसतो.

मग करायचं काय? फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात ‘सिम स्टेटस’ उघडा. बहुतेक अँड्रॉइड फोनांत तिथे सिग्नलचा उणे आकडा मिळतो. ४जीला उणे ८५-९० असेल तर सिग्नल चांगला, उणे ११५ च्या पुढे गेला तर फारच क्षीण. अंगणात, पडवीत, माजघरात, तिन्ही ठिकाणी आकडा लिहून घ्या. अंगणात चांगला आणि आत वाईट असेल, तर दोष तुमच्या पत्र्याचा आणि जाड भिंतींचा आहे. घरात ब्रॉडबँड असेल, तर फोनमधलं ‘वायफाय कॉलिंग’ सुरू करा. कॉल ब्रॉडबँडवरून जातो, नंबर तोच राहतो, आणि वेगळा डबा घ्यावा लागत नाही. २०१९-२० पासून ही सोय आपल्याकडे आहे, तरी दुकानदार ती सांगत नाही, कारण तीत त्याला काही सुटत नाही. तुमचा फोन आणि सिमची कंपनी ती देते का, ते ग्राहक केंद्रात विचारा.

अंगणातही आकडा वाईट असेल, तर दुसऱ्या कंपनीचं सिम आठवडाभर वापरून पाहा. तेही नसेल, तर आकडे, तारखा आणि ठिकाणं लिहून कंपनीकडे लेखी तक्रार करा; ग्रामपंचायतीचं पत्र जोडलंत तर अधिक बरं. इनडोअर यंत्रणेची गरज असेल, तर ती कंपनीच्या अभियंत्याने येऊन, मोजून बसवायची असते. तुम्हाला ती हवी की नको, हेही त्यालाच ठरवू द्या.

प्रश्न : परदेशातलं इंटरनेट सॅटेलाइटवरूनच येतं ना? (परभणी)

जवळजवळ सगळं समुद्राच्या तळावरच्या फायबर केबलमधून येतं, आणि त्यातल्या बऱ्याच केबल मुंबईच्या किनाऱ्यावर चढतात. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रखडलं, ते याच कारणाने.

सॅटेलाइटचा समज निराधार नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्नरजवळ आर्वीला विक्रम भूकेंद्र उभं राहिलं आणि परदेशी टेलिफोन त्यावरून जाऊ लागले. पण ते उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. प्रश्न वर जाऊन खाली, उत्तर वर जाऊन खाली, यात जवळजवळ अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात जातो. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, मोकळ्या जागेपेक्षा सावकाश, तरी वाट इतकी छोटी की केबलच आधी पोचते. आताचे नवे उपग्रह पाच-सहाशे किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे तो विलंब फार कमी झाला आहे. गावात फायबर येण्याची शक्यता असेल, तर त्याची चौकशी केल्याशिवाय तबकडी घेऊ नका.

प्रश्न : दरवर्षी वळवाच्या पहिल्या पावसात राउटर जळतो. फायबर काचेचं असतं, मग वीज येते कुठून? (लातूर)

काचेतून येत नाही. येते ती अडॅप्टरमधून, म्हणजे घरच्या विजेच्या लाइनमधून. शिवाय खांबावरून घरात आलेल्या फायबरच्या वायरीत आधारासाठी बहुधा पोलादी तार असते, आणि ती तशीच डब्यापर्यंत आणून सोडलेली असते. ती भिंतीबाहेरच कापून घ्यायला जोडणाऱ्याला सांगा.

ढग गडगडायला लागण्याआधी अडॅप्टर काढून ठेवा. वीज कडाडत असताना वायरींना हात लावू नका. दोनशे रुपयांच्या लाल बटणाच्या पट्टीवर ‘स्पाइक गार्ड’ लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. अर्थिंग नसेल तर आलेली वीज ती सोडणार कुठे? परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. हे काम पत्रातून होत नाही, आणि पाऊस सुरू झाल्यावर आठवून तर मुळीच होत नाही.

प्रश्न : द्राक्षबागेत सिमवर चालणारा कॅमेरा लावला. बसवणारा म्हणतो, ‘तुमचा आयपी पब्लिक नाही, बाहेरून दिसणार नाही.’ खरं का? (तासगाव)

खरं आहे. आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आणि त्याच्या जुन्या पद्धतीत पत्ते सुमारे ४२९ कोटीच. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. त्यामुळे कंपन्या एकाच पत्त्यावर अनेक ग्राहक बसवतात. आतून बाहेर जाता येतं. बाहेरून नेमका तुमचाच कॅमेरा गाठता येत नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप मधल्या सर्व्हरवरून चित्र देत असेल तर ते वापरा, नाहीतर सिमच्या कंपनीकडे आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) किंवा स्थिर पत्त्याची चौकशी करा.

‘पोर्ट उघडून देतो’, म्हणजे बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट करून देतो, म्हणणाऱ्याला थांबवा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने असेच उघडे कॅमेरे आणि राउटर, कारखान्यातले पासवर्ड न बदललेले, लाखोंनी ताब्यात घेतले आणि मोठमोठ्या सेवा बंद पाडल्या. तुमच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड अजून ‘ॲडमिन’ असेल, तर हे वाचून झाल्यावर पहिलं काम ते करा.

प्रश्न : ‘गच्चीवर टॉवर लावा, लाखोंचं ॲडव्हान्स घ्या’ असा मेसेज आला. सरकारी शिक्क्याचं पत्रही आहे. नोंदणीसाठी थोडे पैसे मागतात. (चाळीसगाव)

फसवणूक आहे. ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) किंवा दूरसंचार विभाग टॉवरसाठी कुणाही नागरिकाकडून पैसे घेत नाही आणि अशी पत्रंही देत नाही. एक रुपया पाठवू नका. पाठवला असेल तर आत्ता १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा.

प्रश्न : ५जीच्या चाचणीत शेकडो पक्षी मेले, हे खरं का? (दापोली)

खोटं. तो मेसेज नेदरलँड्समधल्या हेग शहराचा आहे. तिथे ५जीची चाचणी झाली जून २०१८ मध्ये, आणि पक्षी मेले त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा भारताने २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. तुमच्या टॉवरबद्दल शंका असेल, तर ‘तरंग संचार’ या सरकारी पोर्टलवर त्याची माहिती पाहता येते आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. फॉरवर्ड करण्याआधी ते करा.

प्रश्न : सहा महिने नेट चालू-बंद आहे. रोज फोन करून सांगतो. ट्रायला पत्र पाठवलं, काही झालं नाही. आता काय? (डोंबिवली)

ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, म्हणून काही झालं नाही. आणि रोज फोन करून तुम्ही डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घेतला होता का? पत्रात एकही नंबर नाही. नंबर नाही म्हणजे कागदोपत्री तक्रारच नाही. सहा महिने नुसते गेले.

आज कंपनीच्या तक्रार केंद्रात नव्याने तक्रार नोंदवा आणि नंबर लिहून घ्या. मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील करा. त्याला पैसे पडत नाहीत, पण मुदत साधारण तीस दिवसांची आहे, ती चुकवू नका. तिथेही दाद लागली नाही, तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी आहे; दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहकाला तिथे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या टप्प्यावर वकिलाचा किंवा ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांचा सल्ला घ्या. सोबत डॉकेट नंबर, भरलेल्या बिलांच्या पावत्या, आणि नेट कुठल्या तारखेला किती वाजता गेलं व किती वाजता आलं, याची वही न्या. वही आजपासून सुरू करा.